उरलेल्या वेळेची किंमत : मेम्फिसमधील दोन ध्वनिमुद्रणगृहे

कलांचा इतिहास आपण सहसा माणसांच्या नावांनी लिहितो. फार तर घराण्यांच्या, संप्रदायांच्या आणि आश्रयदात्यांच्या नावांनी. खर्चाची वही इतिहासकाराच्या टेबलावर क्वचितच येते. मराठी साहित्याच्या अभ्यासात याला एक ठळक अपवाद आहे. लघुअनियतकालिकांच्या चळवळीविषयी बोलताना सायक्लोस्टाइल यंत्राचा आणि पदरमोड करून भागवलेल्या छपाईखर्चाचा उल्लेख आपण टाळू शकत नाही. प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराबाहेर राहून लिहिणे म्हणजे काय, हे त्या खर्चातूनही कळते. संगीताच्या बाबतीत आपल्या परिचयाचे उदाहरण ग्रामोफोनचे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि तासभर रंगणारा ख्याल तेवढ्या अवधीत मांडण्याची एक निराळीच कला आपल्या गायकांनी कमावली. परंतु या चर्चेत आपला भर यंत्राने घातलेल्या मर्यादेवर असतो. यंत्र कोणी निवडले, कोणत्या पैशातून निवडले आणि ते घेता यावे म्हणून काय काय सोडून दिले, हे प्रश्न मागेच राहतात.

या प्रश्नांचा माग काढण्यासाठी आम्ही येथे अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराकडे वळत आहोत. १९५० ते १९६५ या दीड दशकात त्या शहरात, एकमेकांपासून थोड्याच मैलांवर, तुटपुंज्या भांडवलाची दोन ध्वनिमुद्रणगृहे उभी राहिली. एकाने रॉक अँड रोलच्या जडणघडणीत मोठा वाटा उचलला. दुसऱ्याने सोल संगीताला त्याची खास दक्षिणी धाटणी दिली. अभावातूनच अस्सल कला जन्मते, असे सुभाषित या दोन्हींच्या संदर्भात पुष्कळदा ऐकवले जाते. ते आम्हांस पटत नाही. अभाव त्या काळी अनेकांच्या वाट्याला आला होता. तेवढ्याने कोणी शैली निर्माण केली नाही. या दोन ठिकाणी अपुऱ्या पैशातून नेमके काय विकत घेतले गेले, ते बारकाईने पाहिले पाहिजे. तसे पाहिले असता असे दिसते, की त्यांनी यंत्राच्या रूपाने वेळ विकत घेतला होता, आणि तोही कोणाला हिशेब द्यावा न लागणारा वेळ.

पहिले ध्वनिमुद्रणगृह सॅम फिलिप्स यांचे. १९२३ साली अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्सजवळ जन्मलेले फिलिप्स हे मेम्फिसच्या डब्ल्यूआरईसी या रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ होते. जानेवारी १९५० मध्ये त्यांनी ७०६ युनियन अव्हेन्यू येथे महिना १५० डॉलर भाड्याने एक लहानशी जागा घेतली आणि तिला मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस असे नाव दिले. रेडिओवरची नोकरी मात्र सोडली नाही. ती जून १९५१ पर्यंत चालू होती. मदतीला रेडिओ क्षेत्रातल्याच मॅरियन कायस्कर होत्या. काय वाटेल ते, कोठेही आणि केव्हाही ध्वनिमुद्रित करून देऊ, अशी या व्यवसायाची जाहिरात असे. त्यात अतिशयोक्ती नव्हती, कारण लग्ने आणि अंत्यविधी यांच्या ध्वनिमुद्रणावरच सुरुवातीचे भाडे निघत होते. कोणीही दारातून आत येऊन चारेक डॉलरमध्ये स्वतःच्या आवाजाची एक तबकडी करून घेऊ शकत असे. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्व्हिस प्रेस्ली नावाचा मुलगा असाच पैसे देऊन आला होता.

फिलिप्स यांची आरंभीची सामग्री सांगायला दोन ओळी पुरतील. प्रेस्टो कंपनीचा पाच जोडण्यांचा, उचलून नेता येईल असा मिक्सर, तबकडी कोरणारे यंत्र आणि मोजके मायक्रोफोन. यंत्रांवर जे खर्चता आले नाही ते त्यांनी खोलीवर श्रमाच्या रूपाने खर्चले. भिंतींना आणि छताला ध्वनिशोषक फरशा लावल्या. छत सपाट न ठेवता नागमोडी केले, जेणेकरून आवाज समोरासमोरच्या पृष्ठभागांवर आदळून घुमणार नाही. नवे ध्वनिमुद्रणगृह उभारणाऱ्याने येथे थांबून विचार करावा. मायक्रोफोन पुढे बदलता येतो, मिक्सर बदलता येतो. पण खोलीचा आवाज त्यातून टिपलेल्या प्रत्येक सुरात उतरतो. फिलिप्स यांची कमाई रेडिओ तंत्रज्ञाच्या पगाराएवढी असली, तरी रेडिओत तयार झालेला त्यांचा कान हे ओळखून होता.

दुसरा निर्णय माध्यमाचा होता. १९५० च्या सुमारास ध्वनिमुद्रणाच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. लाखेचा लेप दिलेल्या तबकडीवर थेट कोरणे ही जुनी रीत. तीत एकदा उमटलेली खाच पुसता येत नसे. गाणाऱ्याचा सूर हलला की तबकडी वाया गेली. दुसरी रीत चुंबकीय फितीची. जर्मनीत विकसित झालेले हे तंत्र महायुद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी अभियंत्याने मायदेशी आणले. गायक बिंग क्रॉस्बी यांच्या आर्थिक पाठबळामुळे अँपेक्स या छोट्या कंपनीला १९४८ मध्ये आपली पहिली यंत्रे बाजारात आणता आली. क्रॉस्बींना आपला रेडिओ कार्यक्रम थेट सादर करण्याऐवजी आधी मुद्रित करून ठेवायचा होता. त्यांची गरज सोयीची होती. फिलिप्स यांच्यासारख्या लहान माणसाच्या हाती तेच तंत्र आले, तेव्हा त्याचा अर्थ पालटला. फीत पुसून पुन्हा वापरता येते, म्हणजेच चूक स्वस्त होते. आणि चूक स्वस्त झाली, की जो अजून गायक झालेला नाही अशा माणसासमोरही यंत्र चालू ठेवणे परवडते.

हे किती महत्त्वाचे होते ते मोठ्या कंपन्यांच्या रिवाजाशी तुलना केल्यास ध्यानात येईल. तेथे वादकांच्या संघटनेच्या नियमांनुसार साधारणतः तीन तासांचे सत्र असे आणि तेवढ्यात चार गाणी उरकण्याची अपेक्षा असे. गाणी आधी ठरलेली, स्वरलेखन तयार, वादक कसलेले. या व्यवस्थेत उत्तम संगीत झाले यात शंका नाही. परंतु काय करायचे आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठीच ती होती. युनियन अव्हेन्यूवरच्या खोलीत ५ जुलै १९५४ रोजी जे घडले ते अशा सत्रात घडणे अवघड होते. एल्व्हिस, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक संथ लयीची गाणी म्हणून पाहत होते आणि काही जमत नव्हते. विश्रांतीच्या वेळी एल्व्हिसने आर्थर क्रुडप यांचे एक जुने ब्लूज गाणे थट्टेने, उड्या मारत म्हणायला सुरुवात केली. बाकीचे दोघे त्यात सामील झाले. फिलिप्स यांनी त्यांना थांबवून तेच पुन्हा करायला सांगितले. ‘दॅट्स ऑल राइट’ हे ध्वनिमुद्रण त्यातून निघाले. ठरलेल्या कामाच्या वेळेत नव्हे, तर कामातून उरलेल्या वेळेत ते सापडले होते.

१९५४ मध्येच फिलिप्स यांनी अँपेक्सच्या ३५० या प्रकारची दोन यंत्रे बसवली. इतक्या चिमुकल्या व्यवसायात एकाच प्रकारची दोन महाग यंत्रे कशाला, असे कोणासही वाटावे. पहिले यंत्र गाणे मुद्रित करी. दुसऱ्या यंत्रात तोच आवाज फितीवर मुद्रित होऊन लगेच शेजारच्या हेडवरून ऐकला जाई आणि मूळ आवाजात परत मिसळला जाई. दोन हेडमधील अंतर इंच-दोन इंचांचे आणि फितीची गती सेकंदाला १५ इंच धरली, तर परत येणारा आवाज सेकंदाच्या सुमारे पंधराव्या ते सातव्या-आठव्या भागाने मागे राहतो. कानाला तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. मूळ स्वराच्या पाठीला पाठ लावून आलेली एक थाप ऐकू येते. तीनच वाद्यकार असलेला, ढोलताशांचा आधार नसलेला तो वृंद त्यामुळे भरीव वाटू लागला. ज्यांना मोठी दालने आणि प्रतिध्वनीसाठी स्वतंत्र कक्ष परवडत, त्यांना या युक्तीची गरजच पडली नव्हती.

नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर या बलाढ्य कंपनीने एल्व्हिसचा करार फिलिप्स यांच्याकडून ३५,००० डॉलरला विकत घेतला. करार मिळाला, पण तो आवाज त्याबरोबर आला नाही. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिल येथे ‘हार्टब्रेक हॉटेल’ मुद्रित करताना कंपनीच्या तंत्रज्ञांनी इमारतीतल्या मोकळ्या बोळाचा प्रतिध्वनीसाठी उपयोग केला. निघालेला आवाज प्रभावी होता, परंतु युनियन अव्हेन्यूवरचा नव्हता. पुढे १९६० मध्ये खुद्द फिलिप्स यांनी मॅडिसन अव्हेन्यूवर ऐसपैस आणि अद्ययावत ध्वनिमुद्रणगृह उघडले; तेथूनही पहिल्या दशकाच्या तोडीचे काही आले नाही. याचे खापर नव्या यंत्रांवर फोडणे चूक ठरेल, कारण तोवर प्रमुख गायकच निघून गेले होते. एवढे मात्र म्हणता येते, की सामग्रीची यादी सुधारल्याने काम आपोआप सुधारत नाही.

या दोन ध्वनिमुद्रणगृहांना जोडणारा माणूस म्हणजे गायक आणि रेडिओ निवेदक रूफस थॉमस. फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्सला १९५३ मध्ये पहिले मोठे यश थॉमस यांच्या ‘बेअर कॅट’ने मिळवून दिले होते. एल्व्हिसनंतर फिलिप्स यांचे लक्ष गोऱ्या गायकांकडे वळले आणि आधीचे कृष्णवर्णीय कलावंत बाजूला पडले, अशी तक्रार थॉमस यांनी पुढे जाहीरपणे केली. ती रास्तच होती. यंत्र लोकशाहीवादी नसते. त्याच्यासमोर कोणाला उभे करायचे, हे यंत्राचा मालक आणि त्याचा बाजार ठरवतो. १९६० मध्ये हेच थॉमस आपली मुलगी कार्ला हिला घेऊन मेम्फिसमधल्याच एका नवख्या मंडळींच्या दारात गेले. बापलेकीचे ते युगुलगीत या मंडळींना पहिले यश देऊन गेले.

ही मंडळी म्हणजे जिम स्ट्यूअर्ट आणि त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन. दोघेही बँकेत नोकरीला. स्ट्यूअर्ट फिडल वाजवत आणि त्यांनी १९५७ मध्ये सॅटेलाइट या नावाने हौशी स्वरूपाची कंपनी काढली होती. चांगले ध्वनिमुद्रक यंत्र नसल्याने काम अडले, तेव्हा १९५८ मध्ये एस्टेल यांनी नवऱ्याचे मन वळवून राहते घर दुसऱ्यांदा गहाण टाकले आणि मिळालेल्या पैशातून अँपेक्स ३५० घेतले. यंत्र एकपदरी, म्हणजे सारे आवाज एकाच पट्टीवर एकत्र मुद्रित करणारे होते. घर गहाण टाकून एकच वस्तू घ्यायची, आणि तीही मायक्रोफोन नव्हे, वाद्ये नव्हेत, तर जी सर्वांत शेवटी आवाज धरून ठेवते ती. या क्रमात एक स्पष्ट मूल्यनिर्णय आहे. वाद्ये वादक घेऊन येतील, खोली कसलीही चालेल. पण आलेला सूर निसटता कामा नये.

खोली खरोखरच कसलीही होती. आधी एक गॅरेज, मग मेम्फिसबाहेर ब्रन्सविक गावातली एक रिकामी वखार, जिच्याजवळून आगगाड्या जात. १९६० मध्ये त्यांनी मॅकलेमोर अव्हेन्यूवरचे बंद पडलेले कॅपिटॉल चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या; पण प्रेक्षकांसाठी उतरती केलेली जमीन सपाट करण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. एस्टेल यांनी जाड पडदे शिवून टांगले. रंगमंचावर नियंत्रणकक्ष थाटला. चित्रपटगृहाचे जुने लाउडस्पीकर ऐकण्यासाठी कामी आले. प्रतिध्वनीसाठी स्वच्छतागृहाचा उपयोग झाला. दर्शनी भागात जेथे खाऊची विक्री होत असे तेथे एस्टेल यांनी ध्वनिमुद्रिकांचे दुकान काढले. या दुकानाने हातात रोख पैसा आणला; शिवाय वस्तीतली तरुण मुले काय ऐकतात, कोणत्या ओळीला मान डोलावतात, हे ते दुकान रोज शिकवू लागले. ती वस्ती त्या वर्षांत गोऱ्यांकडून कृष्णवर्णीयांकडे सरकत होती. दुकानात रेंगाळणारा शाळकरी बुकर टी. जोन्स पुढे कंपनीच्या वृंदाचा ऑर्गनवादक झाला. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर गीतकार झाला. वर्णभेदाच्या कायद्यांनी विभागलेल्या शहरात गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एका खोलीत बसून दिवस दिवस काम करत होते. १९६१ मध्ये नावाच्या वादामुळे सॅटेलाइटचे स्टॅक्स झाले.

एकपदरी यंत्राचा परिणाम वादनावर झाला. नंतर दुरुस्त करू, ही सोयच नव्हती. कोणाचा आवाज किती मोठा, हे वाजवतानाच ठरायचे. एकाचे चुकले की सर्वांनी पुन्हा वाजवायचे. त्यामुळे प्रत्येक जण इतरांचे ऐकत वाजवी आणि अनावश्यक सूर टाळी. स्टॅक्सच्या संगीतातला जो मितव्यय समीक्षकांनी वाखाणला आहे, त्याचा एक उगम येथे आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात अटलांटिक कंपनीचे टॉम डाउड यांनी दुपदरी यंत्र आणून बसवले, तोवर ही सवय अंगवळणी पडली होती.

आणि येथेही उरलेली वेळ होतीच. १९६२ मध्ये एका गायकाच्या ध्वनिमुद्रणानंतर वादक उगाच एक ब्लूज छेडत बसले होते. स्ट्यूअर्ट यांनी यंत्र चालू केले. त्याच बैठकीतून ‘ग्रीन अनियन्स’ जन्मले. त्याच वर्षी गिटारवादक जॉनी जेंकिन्स यांची गाडी चालवत एक तरुण जॉर्जियाहून आला. जेंकिन्स यांचे सत्र फारसे जमले नाही. शेवटी थोडा वेळ उरला, तेव्हा या चालकाला एक गाणे म्हणू दिले. तो ऑटिस रेडिंग होता. तासाच्या भाड्याने घेतलेल्या जागेत अशी वेळ उरतच नाही. उरली तर ती दुसऱ्या कोणाची तरी असते. एस्टेल यांच्या गहाण घराने स्टॅक्सला दिलेली खरी वस्तू ही होती.

ही कथा येथेच संपवली तर ती गोड होईल, पण खोटी होईल. अटलांटिकशी असलेले वितरणाचे संबंध १९६५ पर्यंत तोंडी विश्वासावर चालले होते. त्या वर्षी लेखी करार झाला, आणि त्यातल्या एका कलमानुसार अटलांटिकने वितरित केलेल्या मूळ ध्वनिफितींची मालकी अटलांटिककडे गेली. अटलांटिकची विक्री झाल्यावर, १९६८ मध्ये, स्ट्यूअर्ट यांना याचा उलगडा झाला. ऑटिस रेडिंग डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला होता. आता त्याचा आवाजही परका झाला. घर गहाण टाकून घेतलेले यंत्र त्यांचे होते, त्यावर उमटलेले संगीत मात्र त्यांचे राहिले नव्हते. कंपनी पुन्हा उभी राहिली, वाढली, कर्जात बुडाली आणि डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. १९८९ मध्ये ते चित्रपटगृह पाडण्यात आले. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उघडले. फिती, पडदे, भाडे या सगळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात करार वाचून देणाऱ्या वकिलाची नोंद नव्हती. यंत्रांच्या याद्या करणाऱ्या प्रत्येकाने ही नोंद पहिल्या पानावर लिहावी असे आम्हांस वाटते.

मेम्फिसबाहेरचे एकच उदाहरण देऊन हा मुद्दा पक्का करतो. जमैकातील ली पेरी हे इतरांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वेळ विकत घेऊन काम करत असत. १९७३ मध्ये त्यांनी किंग्स्टनमध्ये आपल्या घरामागे ब्लॅक आर्क हे स्वतःचे लहानसे ध्वनिमुद्रणगृह बांधले. मुख्य यंत्र होते टीॲकचे चारपदरी, घरगुती वापरासाठी बनवलेले. चार पदर भरले की ते एकत्र करून नव्या फितीवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पदरांवर पुन्हा आवाज चढवायचे. प्रत्येक वेळी थोडा स्पष्टपणा हरवे आणि खरखर वाढे. पेरींनी ती खरखर आपल्या डब संगीताच्या पोतातच विणून घेतली. व्यावसायिक दृष्टीने हे यंत्र निकृष्टच म्हणावे लागेल. पण रात्री दोन वाजता ते चालू करायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

अर्थात यशस्वी झालेल्यांचीच नावे इतिहासात उरतात. घर गहाण टाकून यंत्र घेतलेले आणि घर गमावून बसलेले किती असतील, त्यांच्यावर कोणी निबंध लिहीत नाही. म्हणून या कथांतून गरिबीचे गुणगान करणे आम्हांस अनुचित वाटते. फिलिप्स आणि ॲक्स्टन या दोघांनीही हाती पैसा आल्यावर अधिक चांगली यंत्रे घेतलीच. त्यांच्या गरिबीपेक्षा त्यांचा क्रम अनुकरणीय आहे. कोठे तडजोड चालेल आणि कोठे चालणार नाही, हे त्यांनी आधी ठरवले. अंदाजपत्रक ही एका अर्थाने समीक्षाच असते. कलाकृतीत सारभूत काय, याविषयीचे मत तीत आकड्यांच्या भाषेत मांडलेले असते.

आज हा प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी एवढ्यावर घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता येते. फिलिप्स यांना स्वप्नातही न दिसलेले शेकडो पदर त्यात असतात. चूक आता स्वस्तच नव्हे, जवळजवळ फुकट झाली आहे. महाग झाली आहे ती दुसरी गोष्ट : चार माणसांनी एका खोलीत, एकमेकांचे ऐकत, काही न ठरवता काढलेली दुपार. नवे ध्वनिमुद्रणगृह उभारू पाहणारे आमचे काही विद्यार्थी यंत्रांच्या किमतींची यादी घेऊन सल्ला विचारतात. तंत्राचे उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. पण साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्ही त्यांना त्या यादीत तीन रकाने वाढवायला सांगतो : खोली कोणाची, मुद्रित झालेल्या आवाजाची मालकी कोणाची, आणि ठरलेले काम संपल्यावर उरणारी वेळ कोणाची. यंत्राची निवड या तिन्ही रकान्यांनंतर आली तरी बिघडत नाही.